शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?

पक्षाघाताचा पेशंट आला की डॉक्टर आजार कधी सुरू झाला हे विचारत नाहीत. याला शेवटचं धडधाकट कुणी आणि कधी पाहिलं, असं विचारतात. नातेवाइकांना हा कीस काढणं वाटतं.

समजा, न्हावऱ्याकडचा पन्नाशीतला शेतकरी. बीपीची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडलेली. रात्रीची लाइट आली म्हणून उसाला पाणी दिलं, दोन वाजता येऊन आडवा झाला. सकाळी सातला उठला तर उजव्या हातात कप धरवेना, तोंड वाकडं, जीभ जड. घरचे म्हणतात, वारं गेलं, सातला गेलं. डॉक्टर मात्र घड्याळ रात्री दोनपासून लावतात. म्हणजे शिरूर सोडण्याआधीच पाच तास संपलेले.

हा हिशेब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर चालतो. या केशवाहिन्यांची एकूण लांबी सुमारे 600 किलोमीटर भरते. शरीरात इतरत्र त्यांच्या भिंतींतून बरंच काही आत-बाहेर झिरपतं; मेंदूत मात्र भिंतीच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. हाच ब्लड-ब्रेन बॅरिअर. 1885मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. मेंदूला रंगाचं वावडं असावं, असं त्यांना वाटलं. त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी 1913मध्ये रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला आणि मेंदू निळा झाला! मग रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये काहीतरी आहे, हे उघड झालं. शिवण नेमकी कुठे आहे, ते मात्र 1967मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच दिसलं.

बहुतेक पक्षाघात गुठळीने होतात. गुठळी अडकली की पुढच्या पेशी काही मिनिटांत गुदमरतात, हे सगळ्यांना पटतं. पण रक्तवाहिनीची भिंतही जिवंत पेशींचीच आहे. उपासमार तिचीही होते. काही तासांत शिवण सैल पडते आणि शरीरातलीच विकरं भिंतीखालचा आधार विरघळवू लागतात.

अशा वेळी गुठळी विरघळवून रक्त जोरात सोडलं तर? खडकवासल्याचा उजवा कालवा पुढे दौंडकडे जातो. त्याचा भराव आतून पोखरला गेला असताना पाणी वाहतं ठेवलं की काय होतं, ते 27 सप्टेंबर 2018 रोजी कालवा फुटला तेव्हा पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीने पाहिलं. मेंदूतही तसंच, जिथे रक्त पोचावं म्हणून धडपड, तिथेच रक्तस्राव.

1995च्या अमेरिकी चाचणीत गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांच्या आत दिलं गेलं. बरे होणारे वाढले, पण गंभीर रक्तस्रावही 0.6 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर गेला. 2008च्या युरोपीय चाचणीने मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. ही मुदत दवाखान्याने मनाने घातलेली नाही. रक्तदाब 185/110च्या खाली आल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत, तेही याच सैल भिंतीपायी.

शिरूरहून पुणे सुमारे 70 किलोमीटर, दौंडहून 80च्या आसपास. शिक्रापूरचा चौक आणि वाघोलीची कोंडी ज्याने अनुभवली आहे, त्याला हे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही हे ठाऊक आहे. त्यातला बराच वेळ ओळखीच्या डॉक्टरकडे, मग झाडपाल्याच्या औषधाला, मग ‘सलाइन लावून बघू’ यात जातो. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. सीटी स्कॅन लागतोच. म्हणून 108ला फोन करावा आणि सीटी असलेलं जवळचं ठिकाण गाठावं. घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. जिभेखाली बीपीची गोळी ठेवण्याची हौस तर फारच वाईट. दाब एकदम पडला की उरलासुरला पुरवठाही आटतो.

शिरूर तालुक्यातल्याच वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र 2002पासून परिसरातल्या 22 गावांतल्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवतं. मृत्यूनंतर घरी बसून विचारतात, काय झालं, कधी सुरू झालं. घरच्यांना तेव्हा सगळं तपशीलवार आठवतं. तोच तपशील अ‍ॅम्ब्युलन्समध्ये हवा असतो.

झोपेत झटका आलेल्यांना अगदीच दार बंद नाही. एमआरआयवर इजा ताजी दिसली तर औषध देता येतं, हे 2018च्या चाचणीने दाखवलं. मोठी गुठळी निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नळीने ओढून काढतात. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीचं टेनेक्टेप्लेज एका दमात टोचता येतं, जुन्या औषधासारखं तासभर लावून ठेवावं लागत नाही.

भिंत गळत राहिली तर पाणी साचून मेंदू सुजतो. सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वात जास्त असते. ‘काल तर ओळखत होते, आज डोळे का उघडत नाहीत,’ असं नातेवाईक विचारतात ते तेव्हाच. कवटीत जागा नसते. साठीच्या आतल्या रुग्णांत 48 तासांच्या आत कवटीचा तुकडा काढला तर मृत्यूचं प्रमाण 71 टक्क्यांवरून 22वर येतं, असं 2007मध्ये तीन चाचण्या एकत्र मांडल्यावर दिसलं. काढलेलं हाड पुष्कळदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि सूज पूर्ण ओसरल्यावर परत बसवतात.