आट्यांची आई

बोल्ट किलोवर विकतात याचा मला अजून राग येतो. नाशिकात पाथर्डी फाट्यावरून अंबडकडे जाताना रस्त्याकडेच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात बघा. दुकानदार मूठभर बोल्ट काट्यावर टाकतो, दोन काढतो, एक घालतो आणि आकडा जुळला की पिशवीत ओततो. त्या बोल्टांच्या अंगावरचं काम मिलिमीटरच्या शतांशात झालेलं असतं, पण भाव लोखंडाच्या वजनाचा. म्हणजे आटे फुकट!

इंदिरानगरात राहणाऱ्याला आट्यांचा नाद लागायला फार लांब जावं लागत नाही. बोगद्यातल्या कोंडीतून सुटून महामार्ग ओलांडला, सिडको मागे टाकलं की अंबडची औद्योगिक वसाहत लागते. आमच्या भागात बिल्डिंगगणिक एक तरी टर्नर, एखादा फिटर, एखादा क्वालिटीवाला आणि नशीब असेल तर एखादा गाळामालकही सापडतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या पंपाचा विषय निघाला की तासभर चर्चा कुठे जाते, हे वेगळं सांगायला नको. नाशिकच्या कारखानदारीचा इतिहास मात्र दोन ओळींत उरकतो: साठच्या दशकात सातपूरची वसाहत आणि ओझरचा विमानांचा कारखाना, मग मायको, महिंद्र, सीमेन्स आणि पाठोपाठ अंबड. मोठ्यांनी सुटे भाग बाहेरून करून घ्यायला सुरुवात केली, तसे गाळ्यागाळ्यांत लेथ आले. झाला इतिहास.

आटे पाडण्याचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे हाताची डाय. पोलादाची गोल चकती, मधे आट्यांचं भोक, ती पकडायला दोन दांड्यांचा डायस्टॉक. सळईच्या टोकाला थोडा उतार द्यायचा, तेल सोडायचं, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. मागे फिरवलं की कीस तुटतो. हा मागचा पाव फेरा विसरणाऱ्या अप्रेंटिसची डाय कशी अडकते आणि उस्ताद त्याला काय बोलतात, ते त्र्यंबक रोडच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा. नटाच्या आतले आटे टॅपने पाडतात. आपल्या वर्कशॉपांत दिसणारे टोटेम छापाचे टॅप तर वाळूजचेच, म्हणजे अगदी घरचे.

हाताने दिवसभरात पन्नास सळया होतील. पाच हजार करायच्या तर मशीन लागतं. अंबडच्या एका गाळ्यात मी असं बोल्ट थ्रेडिंग मशीन बराच वेळ पाहत उभा होतो. शेवटी ऑपरेटरच म्हणाला, “काका, चपलेत आत नका येऊ, कीस पायात घुसतो.” मशीन पंजाबातलं, रंग उडालेलं, पण डोकं मोठं हुशार. फिरणाऱ्या डाय-हेडमध्ये चार चेझर बसवलेले असतात, म्हणजे आट्यांच्या आकाराचे चार दाते. सळई पकडीत धरून पुढे ढकलली की दोनतीन आटे पडेपर्यंतच हाताचा जोर लागतो. पुढे चेझर स्वतःच पाडलेल्या आट्यांना धरून सळई आत ओढून घेतात. ठरलेली लांबी भरली की हेड खटकन उघडतं, चारही चेझर बाहेर सरकतात आणि सळई सरळ मागे ओढता येते. डाय उलटी फिरवत बसायला नको. या एका ‘खटकन’मध्ये निम्मा वेळ वाचतो.

पण दुकानात किलोवर मिळणारे बोल्ट बहुतेक असे कापलेले नसतातच. ते दाबलेले असतात. थ्रेड रोलिंगमध्ये कीस निघत नाही. कडक पोलादाच्या दोन डायांमध्ये सळई लोळवतात. डायचे उंचवटे धातूत घुसतात आणि बाजूला सरकलेला धातू वर चढून आट्याचा माथा होतो. छोट्या स्क्रूंच्या मशीनमध्ये एक सपाट डाय स्थिर आणि दुसरी पुढेमागे धावणारी. मिनिटाला शंभराहून जास्त नग सहज पडतात. फॉल्स सीलिंग नि केबल ट्रे टांगायच्या मीटरमीटरच्या आटेदार सळया दोन गोल रोलरांमधून जातात: एका बाजूने गुळगुळीत सळई फिरत आत शिरते, दुसऱ्या बाजूने अंगभर आटे घेऊन बाहेर येते. पुलांच्या आणि उंच इमारतींच्या कामावर गजाला गज जोडायला जे कपलर वापरतात, त्यासाठी गजाच्या टोकाच्या रेघा सोलून तिथेच आटे रोल करणारी मशीनही आता साइटवर उभी असतात.

इथे थोडं गणित केलंच पाहिजे. एम १२ बोल्टचे आटे कापायचे तर सळई १२ मिलिमीटरची लागते. रोल करायचे तर साधारण १०.८६ मिलिमीटरची पुरते, कारण उरलेली जाडी धातू वर चढून भरून येते. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बघा, आटेदार भागात सुमारे १८ टक्के पोलाद वाचतं. शिवाय कापताना धातूचे आतले तंतू तुटतात, रोल करताना ते आट्याच्या वळणाने वाकतात आणि मुळाशी धातू दाबला जाऊन घट्ट होतो. बोल्ट तुटतो तो बहुधा आट्याच्या मुळाशीच, म्हणून वारंवार हादरे खाणाऱ्या जागी रोल केलेला बोल्ट जास्त टिकतो. माझं मत स्पष्ट आहे: बोल्टसाठी रोलिंगला तोड नाही, आणि ‘कापलेलाच बोल्ट अस्सल’ म्हणणाऱ्या जुन्या मिस्त्रींशी मी आता वाद घालत नाही. बिडाला मात्र रोलिंग चालत नाही, ते ठिसूळ असल्याने तडकतं. आणि एकच नग करायचा असेल तर रोलर बनवायचा खर्च कोण करणार?

तो एक नग लेथवर होतो. आता मी माझ्या आवडीच्या जागी आलो.

लेथवर आटे पाडायचे म्हणजे जॉबच्या दर फेऱ्याला हत्यार नेमकं एका आट्याएवढं पुढे सरकलं पाहिजे. ते सरकवतो लीड स्क्रू. लेथच्या पुढच्या अंगाला आडवा बसवलेला हा लांब दांडा, त्याच्यावर स्वतःचे आटे असतात. जॉब पकडून फिरवणारा चक आणि लीड स्क्रू यांच्यामध्ये गिअर. जॉबवर कोणते आटे पडणार ते त्या गिअरांच्या दातांचं गुणोत्तर ठरवतं. म्हणजे लेथ नवे आटे जन्माला घालत नाही, तो आपल्या लीड स्क्रूची लहानमोठी नक्कल उतरवतो. मग त्या लीड स्क्रूचे आटे कुठून आले? दुसऱ्या लेथवरून. त्या लेथचे? तिसऱ्यावरून. असं मागे जात राहिलं तर आट्यांची मूळ आई कोण?

तिचा बाप काटकोन त्रिकोण आहे, असं माझं उत्तर. आकाशकंदिलाचा कागद उरला असेल तर त्यातून एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरकी कड पेन्सिलीवर चढत्या रेषेने जाते, तेच मळसूत्र. प्राचीन ग्रीकांना ही युक्ती माहीत होती. अशी रेघ आखून कारागीर हाताने आटे खोदत. लिओनार्दोने १५०० च्या सुमारास दोन लीड स्क्रूंचं, बदलत्या गिअरांचं आटे कापणारं यंत्र कागदावर काढून ठेवलं. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८०० च्या आसपास लोखंडी लेथमध्ये ते खऱ्या अर्थाने जमवलं. फिरत्या मऊ दांड्यावर त्याने तिरकं धरलेलं पातं टेकवलं. जेवढा तिरकेपणा, तेवढं पातं आपोआप पुढे सरकत गेलं आणि रेघ उमटली. ती रेघ सुधारून पुढचा स्क्रू, तो सुधारून त्याच्याही पुढचा. नक्कल मूळ प्रतीपेक्षा चांगली निघू शकते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत थोर वाटतं. मॉडस्लेने शेवटी ५ फूट लांब, २ इंच जाड असा एक स्क्रू केला, त्यावर इंचाला ५० आटे. त्याचा नट १२ इंच लांब, म्हणजे नटात ६०० आटे! खगोलशास्त्राच्या उपकरणांवर सूक्ष्म खुणा पाडायला तो वापरला.

आता नाशिकची गोष्ट. जुन्या गाळ्यांतले कित्येक लेथ इंची आहेत, म्हणजे लीड स्क्रूवर इंचाला ४ आटे. कंपनीचं ड्रॉइंग मात्र मेट्रिक. समजा २ मिलिमीटरच्या पिचचे, म्हणजे आट्यापासून आट्यापर्यंत तेवढं अंतर असलेले, आटे पाडायचे आहेत. लीड स्क्रूचा एक आटा ६.३५ मिलिमीटरचा. २ भागिले ६.३५ म्हणजे ४० भागिले १२७. चकच्या बाजूला ४० दातांचा गिअर, लीड स्क्रूवर १२७ दातांचा. हा १२७ काही केल्या टळत नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला ५ ने गुणलं की १२७. आणि १२७ ही मूळ संख्या, त्यामुळे तिचा भाग पाडून छोटा गिअर करता येत नाही. म्हणून लेथच्या डाव्या टोकाच्या झाकणाआड एक थोरला, जवळजवळ कधीच न लागणारा गिअर लोंबकळत असतो. कुठल्याही जुन्या लेथशी गेलो की मी आधी ते झाकण उघडायला लावतो. १२७ सापडला की मालकाबद्दल आदर वाटतो.

नसेल तर ६३ दातांच्या गिअरवर भागवतात. ८० भागिले ६३ हे १.२७ च्या अगदी जवळ येतं. मीटरभर लांबीत चूक होते ती फक्त मिलिमीटरचा आठवा हिस्सा. बोल्टला चालतं. दुसऱ्या मशीनचा लीड स्क्रू करायचा असेल तर चालत नाही, कारण आईची चूक लेकरांना जाते.

आटे एका कटात पडत नाहीत, आठदहा वेळा हत्यार तिथेच न्यावं लागतं आणि दर वेळी ते त्याच खाचेत शिरलं पाहिजे. त्यासाठी लेथला चेसिंग डायल असते. ठरलेला आकडा समोर आला की हाफ नट, म्हणजे लीड स्क्रूला पकडणारा दुभंगलेला नट, बंद करायचा. पण इंची लेथवर मेट्रिक आटे पाडताना ही डायल काही उपयोगाची नाही. तेव्हा हाफ नट उघडायचाच नाही, कट संपला की हत्यार मागे घेऊन मोटर उलटी फिरवत परत यायचं. हे ज्याच्या हाताला आहे तो टर्नर. सीएनसीवर हेच काम जी ७६ या आज्ञेच्या एकदोन ओळींत होतं. त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यात पाहत उभं राहण्यासारखं फार काही उरत नाही.

आता मापांचा घोळ. आमच्या घरी भांडी बाजारातून घेतलेले पितळी फिरकीचे तांब्ये दोन होते आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या बोल्टांची हीच गत होती. ज्याचा नट त्यालाच बसायचा, म्हणून जोड्यांवर खुणा करून ठेवत. मॉडस्लेच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये ५५ अंशांचा आटा सुचवला. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा मांडला. साध्या कारागिराला करायला तो सोपा पडतो, हा त्याचा युक्तिवाद. दोघांच्या हट्टाची किंमत मोठी पडली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मर्लिन इंजिन अमेरिकेत बनवताना पॅकार्ड कंपनीला ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय मुद्दाम तयार करावे लागले. अखेर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ६० अंशांवर एक झाले. मेट्रिक आटाही ६० अंशांचाच.

आपल्याकडे लेथ आणण्याचं नव्हे, करण्याचं स्वप्न किर्लोस्करांनी पाहिलं. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४१ मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. तिथले एंटरप्राइज लेथ अजून कामावर दिसतात. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक झाला, कायद्यापुरता. हार्डवेअरच्या काउंटरवर आजही ‘चार सुती बोल्ट द्या’ असंच मागतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे चार सुती तो अर्ध्या इंचाचा. दुकानदार कधी अर्ध्या इंचाचा काढतो, कधी एम १२. जाडीत फरक जेमतेम ०.७ मिलिमीटर, पण व्हिटवर्थच्या अर्धा इंची बोल्टला इंचाला १२ आटे, अमेरिकन अर्ध्या इंचाला १३, आणि एम १२ चा पिच १.७५ मिलिमीटर. नट एखाददुसरा फेरा जातो आणि अडतो. मग माणूस मोठा पाना आणतो.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती: नट अडला तर पाना मोठा करू नका, पिच गेज लावा. ते छोटं पातं फार महाग नाही. जबाबदारीच्या जागी डोक्यावर ८.८ असा ठसा असलेला बोल्ट मागा. पहिला ८ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनचं ताणबळ, दुसरा म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. आणि प्लंबर अर्धा इंची नळ म्हणाला तर तो अर्धा इंच नळावर शोधत बसू नका. त्या आट्यांचा बाहेरचा व्यास आहे २०.९५५ मिलिमीटर, इंचाला १४ आटे, आणि कोन अजूनही व्हिटवर्थचाच, ५५ अंश.