केस्टरसन : पाखरांना हाकलणारं अभयारण्य

कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकीन खोऱ्यात, गस्टीन गावाजवळ एक सपाट माळरान आहे. एके काळी इथे बारा तळी होती, सुमारे १२०० एकरांवर पसरलेली. खोऱ्यातल्या जुन्या पाणथळ जागा शेतीने गिळल्या होत्या. त्यामुळे हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना या तळ्यांचा मोठा आधार होता. १९७० मध्ये इथे केस्टरसन अभयारण्य झालं.

तळ्यांत पाणी यायचं ते शेतांतून झिरपलेलं. खोऱ्याच्या पश्चिमेला पाटाच्या पाण्यावर शेती चालते, पण खाली चिकणमातीचा थर. मुरलेलं पाणी तिथे तुंबतं आणि क्षार वर येतात. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनी पाहिलेल्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. उपायही तोच, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाणी काढायचं. ते वाहून न्यायला सॅन लुईस ड्रेन हा कालवा खणला. त्याला खाडीकडच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत जायचं होतं. तो १३७ किलोमीटरवर, केस्टरसनलाच थांबला. तळ्यातून पाणी बाहेर पडायचं ते मुख्यतः वाफ होऊन. क्षार मागेच राहायचे.

त्यांच्यासोबत सेलेनियमही. पश्चिमेचे डोंगर प्राचीन समुद्राच्या गाळाचे, तिथून ते मातीत उतरलेलं. जनावरांना ते कणभर लागतंच, पण गरज आणि विष यांत अंतर फार थोडं. चाऱ्यातून जास्त गेलं की गुरांचे खूर तडकतात, केस झडतात. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडच्या काही गावांतल्या गाई-म्हशींनी ते सोसलं आहे. केस्टरसनमध्ये ते शेवाळातून किड्यांत आणि किड्यांतून पाखरांत साठत गेलं. आधी मासे संपले. उरले फक्त गॅम्ब्युशिया, आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला सोडतात तेच चिवट मासे.

१९८३ च्या विणीच्या हंगामात शास्त्रज्ञांनी घरटी तपासली. वारकरी, टिबुकल्या, शेकाटे, बदकं यांच्या अंड्यांत डोळे नसलेली, चोच वाकडी झालेली, पाय नसलेली पिल्लं सापडली. आईच्या अंगातलं सेलेनियम अंड्यात उतरलं होतं. पिल्लू डोळे उघडण्याआधीच त्याचा घास घेतला गेला होता.

मग पाखरांसाठी राखलेल्या त्याच जागी बार काढून पाखरं उठवायची वेळ आली. थव्याने उतरणाऱ्या बदकांना हे पाणी विषारी आहे हे दुसऱ्या कोणत्या भाषेत सांगणार? १९८५ मध्ये तळी बंद करायचा हुकूम निघाला, १९८६ मध्ये कालव्याचं पाणी थांबलं आणि १९८८ मध्ये सखल भाग मातीने बुजवले. आता तिथे गवत आहे.