सोन्यावर बसवलेलं पेशीपटल : आयन खरंच 'दारातून' गेले का?

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. त्याची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. अशी वीस हजार पटलं एकावर एक रचली, तर वहीच्या एका पानाएवढी जाडी होईल. हे पटल मुख्यतः लिपिड रेणूंचं बनलेलं असतं. लिपिडचं डोकं जलस्नेही असतं आणि दोन शेपट्या तेलकट. पाण्यात गेल्यावर हे रेणू आपोआप दुहेरी थर करतात: डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे.

आता सोडियम किंवा पोटॅशियमच्या आयनाचा विचार करा. त्याच्याभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. तेलकट भागात शिरायचं तर ते सोडावे लागतात आणि त्याला इतकी ऊर्जा लागते की आयन सहसा पलीकडे जातच नाही. म्हणून पेशीला प्रथिनांची 'दारं' लागतात, म्हणजेच आयन चॅनेल. दाढ काढताना हिरडीत देतात ते लिग्नोकेनचं इंजेक्शन मज्जातंतूंमधली सोडियमची अशीच दारं अडवतं. म्हणून दुखल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही.

मग कृत्रिम पटल कशाला?

जिवंत पेशीत शेकडो गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एकाच दाराचा अभ्यास करायचा, तर फक्त लिपिडचं पटल घ्यायचं आणि त्यात हवं तेवढंच घालायचं. १९६२ मध्ये म्युलर, रुडिन आणि सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या दोन कप्प्यांमधल्या छोट्या भोकावर असं पटल ताणून दाखवलं. दोन्ही बाजूंना भरपूर पाणी, त्यामुळे मोजमाप सोपं. पण पटल नाजूक. टेबलाला धक्का लागला तरी फुटू शकतं.

१९८५ मध्ये टॅम आणि मॅकॉनेल यांनी पटलाला घन पृष्ठभागाचा आधार दिला. आता ते टिकतं, पण नवीन अडचण येते. पटल आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचा जेमतेम १-२ नॅनोमीटरचा थर उरतो. चॅनेलचा जो भाग पटलाबाहेर डोकावतो, त्याला तिथे जागाच नसते. यावर उपाय म्हणजे पटल खुंट्यांवर उभं करणं. गंधक सोन्याला घट्ट धरतं, म्हणून एका टोकाला गंधक, मध्ये पाणी धरून ठेवणारी साखळी आणि दुसऱ्या टोकाला लिपिड असे रेणू वापरतात. सोन्याचा पत्रा खाली, खुंट्या मध्ये, पटल वर. सोनं वीजवाहक असल्याने तोच आपला इलेक्ट्रोड.

पलीकडे गेलेले आयन जातात कुठे?

इथे थोडं गणित करू. १ चौरस सेंटिमीटर पटलाखाली २ नॅनोमीटर पाणी आहे असं धरा. हे पाणी झालं फक्त ०.२ नॅनोलिटर. त्यात ०.१ मोलार मीठ असेल, तर सोडियमचे आयन साधारण १२ लाख कोटी. आकडा मोठा वाटतो, पण १ मायक्रोअँपिअर विद्युतधारा म्हणजे सेकंदाला सुमारे ६ लाख कोटी आयन! म्हणजे धारा एकाच दिशेने वाहू दिली, तर दोन सेकंदांत तिथली सोडियमची संख्या दुप्पट होईल.

म्हणून एकाच दिशेने ढकलत राहायचं नाही. काही मिलिव्होल्टचा, दिशा बदलत राहणारा दाब द्यायचा आणि वेगवेगळ्या वारंवारतांना पटल किती विरोध करतं ते नोंदवायचं. याला इम्पीडन्स मोजणी म्हणतात. त्यातून मुख्यतः दोन गोष्टी कळतात. एक, धारिता: दोन बाजूंना खारं पाणी आणि मध्ये तेलकट थर, म्हणजे पटल हा कपॅसिटरच. थर नीट जमला असेल, तर ही धारिता दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरडच्या आसपास किंवा त्याहून कमी येते. दोन, रोध: आयनांना पलीकडे जाणं किती अवघड आहे. तो दिसतो कमी वारंवारतांना.

दार की भोक?

समजा, तुम्ही पटलात चॅनेल घातलं आणि रोध कमी झाला. चॅनेल काम करतंय म्हणायचं का? घाई करू नका. लिपिडच्या थराला कुठे भोक पडलं असेल, तरी रोध कमीच होईल. नुसत्या आकड्यावरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि इथेच निष्कर्ष फसू शकतो.

फरक ओळखायची चांगली युक्ती म्हणजे व्हॅलिनोमायसिन. हा कड्यासारखा रेणू पोटॅशियमला पोटात धरून पटलापलीकडे नेतो. सोडियम त्यापेक्षा लहान, तो या कड्यात नीट बसत नाही. त्यामुळे पोटॅशियमला सुमारे दहा हजारपट पसंती. आता एकाच पटलावर आधी सोडियमचं पाणी घ्या, मग पोटॅशियमचं, मग पुन्हा सोडियमचं. रोध पोटॅशियममध्ये खूप खाली आला आणि सोडियममध्ये परत वर गेला, तर वाहतूक व्हॅलिनोमायसिनचीच. भोक अशी निवड करत नाही, त्यातून दोघंही जातात. या सगळ्या वेळात धारिता जवळपास तेवढीच राहिली, तर पटलही शाबूत आहे.

या तंत्राचा उपयोगही झालाय. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी ग्रॅमिसिडिन वापरून संवेदक बनवला. ग्रॅमिसिडिनचे दोन रेणू, खालच्या थरातला एक आणि वरच्या थरातला एक, समोरासमोर जुळले की दार तयार होतं. असं एक दार सेकंदाला सुमारे एक कोटी आयन सोडू शकतं. त्यांनी खालचे रेणू सोन्याला बांधले, वरचे फिरते ठेवले. हवा तो पदार्थ नमुन्यात असला की प्रतिपिंडांमुळे वरचे रेणू भलत्याच जागी अडकतात, जोड्या तुटतात आणि धारा घटते. इथे पदार्थ सापडल्याची खूण म्हणजे दार बंद होणं. भोकं पडली तर धारा उलट वाढेल, त्यामुळे खराब पटल 'सापडलं' असं खोटं सांगत नाही.

तेव्हा अशा पटलाबद्दल पुढे कधी काही वाचाल, तर दोन प्रश्न जरूर विचारा. चॅनेल घालण्याआधी रोध किती होता? आणि आयन बदलल्यावर तो बदलला का? ही दोन उत्तरं नसतील, तर आयन दारातून गेले की भिंतीतल्या भगदाडातून, हे ठरलेलं नाही असंच समजा.