अंगणवाडी घराच्या उंबरठ्यापर्यंत

'अंगणवाडी' हा शब्द आज महाराष्ट्रातील खेडोपाडी परिचयाचा झाला आहे. मात्र तो रूढ कसा झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेले हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. केंद्राची बालवाडी उघडली. परंतु गावातील दलित व गरीब वस्त्यांमधील मुले तेथे येईनात. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, असा निर्णय त्यांनी घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हेच नाव तिच्या केंद्रांनी धारण केले.

या नावामागील विचार आज पुन्हा आठवण्याचे कारण आहे. अंगणवाडी अंगणापर्यंत पोहोचली. आता तिला घराचा उंबरठा ओलांडावयाचा आहे.

तीन वर्षांखालील बालक

पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालेयपूर्व शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा या योजनेतून दिल्या जातात. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत येऊन बसते. त्याहून लहान मूल मात्र दिवसरात्र घरीच असते. त्याचा आहार पाकिटातून घरी पोहोचतो. तो शिजतो केव्हा, भरवतो कोण आणि बाळाच्या वाट्याला किती येतो, हे घरच ठरवते. नेमक्या याच काळात शरीराची व मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे एक हजार दिवसांत राहिलेली उणीव पुढे भरून काढणे अतिशय कठीण जाते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३४ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. आहाराचे वाटप आवश्यकच आहे. पण वाटपाची नोंद पूर्ण झाली म्हणजे कार्य पूर्ण झाले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

पोषण आणि जिव्हाळा

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व जागतिक बँक यांनी २०१८ साली बालसंगोपनाची पाच अंगे मांडली : आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकण्याची संधी आणि मुलाच्या हाकेला ओ देणारी माया. यांतील शेवटचे अंग आपल्या घरांना नवे नाही. काऊचा घास, चिऊचा घास करीत भरविणारी आजी आहाराबरोबर भाषाही देत असते. बाळाशी बोलणे, त्याच्या हुंकाराला उत्तर देणे, वाटी-चमच्याशी त्याला खेळू देणे यांस पैसा लागत नाही. वेळ मात्र लागतो.

काही रूढी बदलणेही अगत्याचे आहे. प्रसूतीनंतरचा चीक पिळून टाकू नये. जन्मानंतर तासाभरात बाळाला पाजावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. मध, घुटी वा पाणीही नको. सहा महिने पूर्ण होताच मऊ पण घट्ट वरण-भात, खिचडी, कुस्करलेले केळे, अंडे असा आहार सुरू करावा. पातळ पाण्याने पोट भरते, वाढ होत नाही.

आईला वेळ कोठून मिळावा ?

येथे उपदेशाची मर्यादा येते. सकाळी मजुरीला गेलेली आई संध्याकाळी परतते. दिवसातून चार वेळा भरवा, असे तिला सांगणे सोपे आहे. ते तिने करावे कसे? मग तान्ह्या बाळाला दहा वर्षांची बहीण सांभाळते. शिक्षकांच्या हजेरीपटावर जी मुलगी गैरहजर दिसते, ती पुष्कळदा घरी पाळण्याची दोरी ओढीत असते. एका घरातील दोन मुलांचे असे एकदमच नुकसान होते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत तर हंगामाचे कित्येक महिने बाळाचे वजनही होत नाही.

म्हणून संगोपन हे एकट्या आईचे काम मानून भागणार नाही. वडील, आजी-आजोबा आणि गाव यांनीही त्यात वाटा उचलला पाहिजे.

गडचिरोलीचा अनुभव

घरापर्यंत गेलेली सेवा काय करू शकते, हे गडचिरोली जिल्ह्याने दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. पुढे २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सहा भेटी आणि २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांतही भेट, असा हा क्रम आहे.

गावाचे कर्तव्य

या भेटींना गावाची साथ हवी. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत रस्ते व गटारांबरोबर गावातील बालकांच्या वजन-उंचीचाही आढावा घ्यावा. मजुरीच्या हंगामात पाळणाघर चालविता येईल काय, याचा विचार व्हावा. शिक्षकांनी गैरहजर मुलीच्या घरी तान्हे बाळ आहे काय, याची चौकशी करून अंगणवाडी सेविकेला कळवावे. पालक मेळाव्याची वेळ वडिलांना येता येईल अशी ठेवावी. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी नोंदवह्यांबरोबर दोन घरेही पाहावीत आणि सेविकेवरील नोंदींचा भार हलका करून तिला गृहभेटीसाठी अवधी द्यावा.

बोर्डीत मुले आली नाहीत, तेव्हा बालवाडी त्यांच्याकडे गेली. जे घर आजही केंद्रापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्या दारी जाणे हाच अंगणवाडी या शब्दाचा खरा अर्थ होय.