दमसास वाढतो कसा?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की तालुक्यातालुक्यांतली मैदानं पहाटेच जागी होतात. शेतमजुराचा मुलगा, भाजीवालीची मुलगी, पदवी घेऊन घरी बसलेला कुणी, सारे अंधारात पळत असतात. अलीकडच्या भरत्यांमध्ये मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागलं आहे. मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांत अंतर संपवलं, तर २० पैकी २० गुण. पाचदहा सेकंदांवर एखाद्या घराचं भवितव्य लटकलेलं असतं.

मीही त्याच मैदानावर असतो. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पळू लागलो. मुलं मला चाचा म्हणतात आणि माझ्या चालीला हसतातही. पण मग हळूच विचारतात, ‘‘चाचा, रोज जीव तोडून पळतो, तरी टायमिंग का कमी होत नाही?’’ मी म्हणतो, ‘‘बाळा, रोज जीव तोडून पळतोस, म्हणूनच.’’

हे नीट समजून घेऊ या. आपण हळू पळतो तेव्हा स्नायूंना रक्तातून पुरेसा प्राणवायू मिळतो आणि त्याच्या साहाय्याने ते साखर आणि चरबी जाळतात. ही चूल मंद, पण बराच वेळ जळणारी. वेग वाढला, की तेवढा प्राणवायू पुरत नाही. मग शरीर घाईने साखर वापरतं, धाप लागते, पाय जड होतात. १६०० मीटर हे अंतर मोठं फसवं आहे. ते वेगाचं वाटतं, पण त्यात लागणारी बरीचशी ताकद या मंद चुलीवरच तयार होते.

ही चूल मोठी होते ती संथ पळण्यानं. आठवड्यामागून आठवडे असं पळत राहिलं, की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रंही वाढतात. यालाच आपण दमसास म्हणतो. संथ म्हणजे किती संथ? पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटू लागले, तर वेग कमी करा. आम्हा कवींना हे लवकर पटतं. ओळ लांब असेल, तर मध्ये श्वासाला जागा ठेवावीच लागते.

नवशिक्यानं पहिला महिनाभर आठवड्यातून तीनचार दिवस, अर्धा तास पुरे. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. हळूहळू पळणं वाढवा, चालणं कमी करा. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध सावकाश घट्ट होतात. उत्साहाच्या भरात अंतर एकदम वाढवणाऱ्यांची नडगी दुखते ती यामुळेच.

असा दीडदोन महिन्यांचा पाया झाला, की आठवड्यातून एक दिवस वेगाला द्या. ४०० मीटर जरा जोरात पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं चार ते सहा वेळा. शेवटची फेरी पहिलीइतकीच जमली पाहिजे. एक दिवस लांब, पण संथ पळा. बाकीचे दिवस हलकेच.

परीक्षेतला हिशेबही सोपा आहे. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरच्या चार फेऱ्या केल्या, तर प्रत्येकीला साधारण ७७ सेकंद. पण गर्दीच्या नादात पहिली फेरी ६५ सेकंदांत मारणारा तिसऱ्या फेरीत ढेपाळतो.

ब्रिटनच्या रॉजर बॅनिस्टरनं ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा तो पहिला माणूस. मैल म्हणजे १६०९ मीटर, आपल्या भरतीपेक्षा नऊच मीटर जास्त. हा वैद्यकीचा विद्यार्थी, सरावाला वेळ थोडा. ४४० यार्डांच्या, म्हणजे जवळपास ४०० मीटरच्या, दहा फेऱ्या तो मध्ये दोनदोन मिनिटं थांबून करायचा. फेरीची वेळ ६६ सेकंदांवरून ६१ पर्यंत आली आणि तिथंच अडली. तेव्हा सराव वाढवण्याऐवजी तो काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गेला. परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत झाल्या. सरावानं शरीर थकतं, आणि विश्रांतीत ते पूर्वीपेक्षा बळकट होतं, ते असं.

उन्हाशी मात्र पैज नको. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना कोसळलेल्या काही तरुणांचा जीव गेला. छातीत दुखलं, चक्कर आली, उन्हातही अंगावर काटा आला, तर तिथंच थांबा. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या मुलांना मी सांगतो, वेगाचा सराव इफ्तारनंतर दोनेक तासांनी करा. रोज्यात दिवसा फक्त चाला.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. पहाटे मैदानावर जाणारी मुलगी आठवड्यातून एखाददिवस उशिरापर्यंत झोपलेली दिसली, तर तिला आळशी म्हणू नका. दोन घास जास्त वाढा आणि झोपू द्या. भरतीच्या दिवशी पळणारे पाय त्या झोपेतच तयार होत असतात.