शंखावरून नातं कळत नाही

पावसाळ्यात नाशिकला गंगापूर रोडवरच्या कंपाउंडांच्या भिंतींवर दोन गोगलगायी हमखास दिसतात. एक मोठ्या शंखाची, तपकिरी पट्ट्यांची. दुसरी काळी, चपटी, पाठीवर फिकट रेघ असलेली, बिनशंखी. मी प्राणिशास्त्राची शिक्षिका, म्हणून सोसायटीतल्या बायका विचारतात, "मॅडम, हिला शंख अजून यायचाय का?"

तिला शंख कधीच येणार नाही. दोघी मूळच्या आफ्रिकेतल्या, पण नातं फार लांबचं. शंखीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात. शंखाच्या तोंडाशी उजवीकडे उघडझाप करणारं भोक दिसतं, ते फुफ्फुसाचं, गुदद्वारही तिथेच. काळीचं गुदद्वार मात्र पार शेपटाकडे. दोघी उभयलिंगी, पण शंखीची नर-मादी इंद्रियं डोक्याजवळ एकाच छिद्रातून उघडतात, तर काळीचं नरछिद्र पुढे तोंडापाशी आणि मादीछिद्र पोटाखाली, मध्याच्या आसपास. काळीचे जवळचे नातलग समुद्रकिनाऱ्यावरच्या बिनशंखी गोगलगायींत सापडतात.

 

पूर्वी अभ्यासकही शंखावरूनच नातं ठरवायचे: गोल शंख दिसला की 'हेलिक्स' या गटात टाकून मोकळे व्हायचे. काराकोरममध्ये के-टू शिखराच्या परिसराचे नकाशे करणारे गॉडविन-ऑस्टिन यांना ते पटेना. १८७७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी भारतातल्या गोगलगायी उघडून पाहायला घेतल्या आणि १८८२ पासून त्यांचे ग्रंथभाग निघत राहिले. कुंडीखाली सापडणाऱ्या चकचकीत, पातळ शंखाच्या मॅक्रोक्लॅमिसच्या कित्येक जाती बाहेरून जवळपास सारख्याच. फरक दिसतो तो जननेंद्रियांत आणि जिभेवरच्या दातांच्या रांगांत. एवढ्याशा जिवाची इंद्रियं सुईने सोडवून त्यांची चित्रं काढायची, तेही दशकानुदशकं! माझ्या मते के-टूपेक्षा हे काम मोठं.

शंख आक्रसत जाऊन बिनशंखी होणं गोगलगायींच्या अनेक घराण्यांत स्वतंत्रपणे घडलंय. आंबोलीची अर्धशंखी गोगलगाय २०२१ मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाली, तेव्हा संशोधक अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी शंखाबरोबर शरीररचना आणि डीएनएही तपासला. सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांच्या नावावरून तिचं नाव 'वरादिया आंबोलिएन्सिस'.

आमच्या अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या ओल्या कपारींतल्या गोगलगायीही कुणीतरी अशा उघडून बघाव्यात. विद्यार्थी तयार असेल, तर सूक्ष्मदर्शक माझा.