‘थांबवा!’ म्हणायची लाज कसली?

बर्फ म्हणजे रसवंतीच्या ग्लासातला नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. गेल्या वर्षी जानेवारीत भाचीने हट्टाने कॅनडाला बोलावून घेतलं आणि गुडघाभर बर्फ पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. ती व्हँकुव्हरजवळ राहते. तिचा मुलगा सोनू सात वर्षांचा. आपल्याकडे पोरं सायकल शिकतात तशी तिकडची बरीच पोरं स्की शिकतात. पायाला लांबलचक पट्ट्या बांधायच्या, डोंगरावरून घसरत खाली यायचं, आणि परत वर जायचं.

हे ‘परत वर जायचं’ चालत होत नाही. त्यासाठी असते चेअरलिफ्ट. मैत्रिणींनो, जत्रेतला पाळणा डोळ्यांसमोर आणा. तो गोल न फिरता लोखंडी दोरावरून सरळ डोंगर चढायला लागला तर कसा दिसेल? तशीच ही. जाड दोराला ओळीने खुर्च्या टांगलेल्या, पुढून उघड्या, पाय अधांतरी. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सन व्हॅली इथे १९३६ साली पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. ती काढणाऱ्या इंजिनिअरने आधी बोटीवर केळीचे घड चढवायच्या यंत्राचं काम केलं होतं. आकड्याला घड टांगून नेतात, मग घडाच्या जागी माणूस का नाही? कल्पना तिथलीच! मला हे ऐकून हसू आलं. पण घड हलत नाही, मागे वळून बघत नाही. पोरं बघतात.

त्या रविवारी आम्ही सगळे एका डोंगरावर गेलो. माझं काम खाली कुंपणापाशी थर्मास आणि पिशव्या सांभाळायचं. भाची आणि सोनू लिफ्टच्या रांगेत उभे होते. त्यांची पाळी आली. बर्फावर आखलेल्या रेघेवर दोघं जाऊन उभी राहिली. खुर्ची मागून येते, गुडघ्याच्या मागे टेकते आणि आपण बसायचं. ती आपल्यासाठी थांबत नाही. आणि नेमकं तेव्हाच मी हाक मारली, ‘‘सोनू, इकडे बघ!’’ मला फोटो काढायचा होता.

सोनू वळला. हसला. हात हलवला. तेवढ्यात खुर्ची आली. भाची बसली, सोनू मात्र कडेला जेमतेम टेकला. ती गुळगुळीत बैठक, त्याची ती सुळसुळीत विजार आणि पायाला त्या जड पट्ट्या. तो पुढे घसरला. भाचीने त्याचा दंड धरला. खुर्ची पुढे निघाली आणि पोर लोंबकळायला लागलं.

मी काय केलं? काही नाही. महिला मंडळात माईक लागत नाही असा माझा आवाज. गावातल्या दारूच्या दुकानासमोर घोषणा दिल्यात मी. पण तिथे माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. इंग्रजीत काय ओरडायचं, लोक काय म्हणतील, मला यातलं कळतं तरी काय, असं सगळं डोक्यात फिरत राहिलं. अहो, ‘स्टॉप’ हा शब्द आपल्या एसटीतल्या कंडक्टरलाही माहीत असतो!

लिफ्टवाल्या पोराने पाहिलं आणि लाल बटण दाबलं. खुर्ची थांबली तेव्हा सोनूचे पाय जमिनीपासून पुरुषभर उंच असतील. त्याने धावत जाऊन खालून बुटांना आधार दिला, पट्ट्या सोडवल्या आणि त्याला अलगद उतरवून घेतलं. एक ओरखडासुद्धा नाही. सोनूला तर गंमतच वाटली. मी थर्मास घट्ट धरून तशीच उभी होते.

रात्री पोर झोपल्यावर भाची माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘‘मावशी, तो नीट बसला नाही हे मला पहिल्याच क्षणी कळलं होतं गं. पण मागे केवढी रांग! आपल्यामुळे लिफ्ट थांबायला नको. म्हटलं, घेईन ओढून.’’

मी तिला काय बोलणार? मीही तोच विचार करत गप्प राहिले होते. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. रिक्षावाला वेगाने चालला तरी आपण दांडी घट्ट धरतो, त्याला ‘हळू चालव रे बाबा’ म्हणत नाही. तीच सवय आम्ही दोघी सातासमुद्रापार घेऊन गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सोनूला स्की शिकवणाऱ्या बाईंना गाठलं. भाची दुभाषी. त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवलं.

पहिलं म्हणजे, लिफ्टवरून पडण्याचे बरेचसे प्रसंग चढताना आणि उतरताना येतात. खुर्ची मोठ्यांच्या मापाची असते. मुलाचा गुडघा बैठकीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून लहान मुलाला लिफ्टवाला ज्या बाजूला उभा असतो त्या बाजूला बसवायचं, म्हणजे त्याला हात देता येतो. ‘मूल लहान आहे, हळू करा’ असं आधी सांगितलं की तो वेग कमी करतो. मुलाने मान वळवून येणाऱ्या खुर्चीकडे बघायचं, बसल्यावर पाठ मागे टेकेपर्यंत सरकायचं, आणि मग आडवी दांडी खाली ओढायची. वर गेल्यावर हातमोजा पडला तरी वाकायचं नाही. उतरायची पाटी दिसेपर्यंत दांडी उचलायची नाही.

दुसरं, पाठीवरची पिशवी आधीच काढून मांडीवर घ्यायची, गळपट्टा आत खोचायचा. हे किती गरजेचं आहे ते कोलोरॅडोत जानेवारी २०१७ मध्ये दिसलं. एका माणसाच्या पिशवीचा पट्टा खुर्चीत अडकला आणि तो गळ्याने लटकला, बेशुद्ध झाला. त्याचा मित्र तणावलेल्या पट्टीवर चालण्याच्या खेळात तरबेज होता. तो खांबावर चढला, दोरावरून सरकत गेला आणि चाकूने पट्टा कापला. माणूस वाचला. पण असा मित्र प्रत्येकाला कुठून मिळणार?

तिसरी गोष्ट माझ्या मनात सगळ्यात खोल रुतली. पोर घसरलं की आईचा हात आपोआप त्याला धरतो. पण साधी लिफ्ट सेकंदाला दोन-अडीच मीटर जाते. दहा आकडे मोजेपर्यंत ती वीस-पंचवीस मीटर पुढे आणि बरीच वर गेलेली असते. चढायच्या जागेवरच, पाय जमिनीला लागत असताना पोर बसलं नाही, तर त्याला तिथेच बर्फात पडू द्यावं. पडलेल्याने उठायची घाई न करता आडवं राहावं, खुर्ची वरून जाऊ द्यावी. एकदा का उंची वाढली की मात्र सोडायचं नाही. दोन्ही हातांनी धरायचं आणि जीव खाऊन ओरडायचं, ‘‘थांबवा!’’ आईने आधी सोडायचं की शेवटपर्यंत धरायचं, हे त्या दोन-तीन सेकंदांत ठरतं. आणि ‘थांबवा’ हे दोन्ही वेळी ओरडायचंच.

मग बाईंनी त्यांच्याच भागातली गोष्ट सांगितली. फेब्रुवारी २०१९. व्हँकुव्हरच्या उत्तरेला ग्राउस माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथे आठ वर्षांचा मुलगा असाच लिफ्टवरून लटकला. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने त्याला कसंबसं धरून ठेवलं होतं. उंची साधारण वीस फूट, म्हणजे दुमजली घराएवढी. खालून पाच मुलं चालली होती, सोनूपेक्षा थोडीच मोठी, मिसरूडही न फुटलेली. त्यांनी जवळच्या कुंपणाची नारिंगी जाळी काढली, एक जाड मऊ आवरण काढून त्याला जोड दिली, आणि सगळ्यांनी कडा धरून झोळीसारखी ताणली. वरच्या मुलाला ओरडून सांगितलं, आधी पायातल्या पट्ट्या झटकून टाक. त्याने टाकल्या. मग तो सुटला आणि थेट जाळीत पडला. त्याला काहीही लागलं नाही. कुणीतरी घेतलेलं त्या प्रसंगाचं चित्रण जगभर पाहिलं गेलं.

मला त्यातलं काय आवडलं सांगू? त्यांचा क्रम. पोर वरून पडताना आपण हात पसरून धावलो असतो. पण तेवढ्या उंचीवरून येणारं वजन हातांवर झेलायचं म्हणजे त्याचंही हाड मोडायचं आणि आपलंही. त्यात पायाच्या पट्ट्या डोक्यात बसायच्या त्या वेगळ्याच. आधी लिफ्ट थांबायला हवी, मग जाळी किंवा ताडपत्री ताणायला हवी, मग पट्ट्या खाली, आणि जाळी तयार झाल्यावरच सोडायचं.

आणि पडलंच पोर, तर? त्याला उचलून छातीशी धरायचा मोह आवरायचा. मानेला, मणक्याला दुखापत असू शकते. हेल्मेट काढायचं नाही, बसवायचं नाही, अंगावर कोट घालून ऊब द्यायची आणि बचाव पथकाची वाट बघायची. मागून घसरत येणाऱ्यांना कळावं म्हणून वरच्या बाजूला दोन पट्ट्या फुलीसारख्या रोवतात. लिफ्ट मध्येच बंद पडली तर उडी मारायची नाही. पथकाची माणसं दोर टाकून एकेकाला खाली उतरवतात. वेळ लागतो, पण उतरवतात.

मात्र प्रत्येक वेळी आईचंच चुकतं असं मुळीच नाही. कोलोरॅडोतच एका स्की केंद्रात डिसेंबर २०१६ मध्ये एक आई आणि तिच्या दोन मुली खुर्चीतून फेकल्या गेल्या. आई गेली, मुली वाचल्या. चौकशीत दोष निघाला तो लिफ्टच्या विजेच्या यंत्रणेत नव्याने केलेल्या बदलांचा. वेग झटक्याने कमी-जास्त होऊन खुर्ची झुलली आणि खांबावर आदळली. तेव्हा बाईच्या नावाने बोटं मोडण्याआधी यंत्राकडेही बघावं.

तुम्ही म्हणाल, ‘आपण कुठे जाणार स्की करायला?’ अहो, काश्मीरला गुलमर्गला चेअरलिफ्ट आहे, उत्तराखंडात औलीला आहे. बोधगयेच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी बायका राजगीरला जातात. तिथल्या रत्नागिरी डोंगरावर (आपली रत्नागिरी नव्हे!) विश्वशांती स्तूपाकडे नेणारा एकेका खुर्चीचा जुना रोपवे प्रसिद्ध आहे. तोही चालत्या खुर्चीत बसायचाच प्रकार. अशा ठिकाणी बसण्याआधी दोन मिनिटं बाजूला उभं राहून इतर कसे चढतात ते बघा. लिफ्टवाल्याला सांगा. मन धजावत नसेल तर मागे फिरा, पैसे गेले तर गेले. आणि खाली उभ्या राहिलेल्या आज्यांनो, मावश्यांनो, पोर बसत असताना फोटोसाठी हाक मारू नका. हे मी स्वतःला सांगतेय.

परत आल्यावर सोनूचा तो फोटो मोबाइलमध्ये सापडला. हात वर केलेला, दात पडका, आणि मागून येणारी खुर्ची. पुसून टाकणार होते, पण ठेवलाय.

या थंडीत एका रविवारी भाचीचा फोन आला. म्हणाली, ‘‘मावशी, आज मी दोनदा लिफ्ट थांबवली. एकदा सोनूसाठी, एकदा पुढच्या खुर्चीतल्या कुणाच्या तरी मुलीसाठी.’’

‘‘लोक काही बोलले?’’

‘‘एकजण कुरकुरला.’’

‘‘मग? लाज वाटली का गं?’’

‘‘वाटली की,’’ ती म्हणाली. ‘‘पण आधी थांबवली, मग वाटली.’’